जुनी वाइन: माळ्यावरची आणि कोठीतली

आधी निकाल सांगते. सहा बाटल्या उघडल्या, पाच जणांनी चाखल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाचही जण चहाला हजर होते. म्हणजे जुन्या वाइनने आमचं काही वाकडं झालं नाही. चवीचं विचाराल तर सहापैकी दोनच बाटल्या संपल्या. उरलेल्या चारांचं काय झालं ते लिहायलाच बसलेय.

मी नाशिकची. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. वाइनमधलं मला फार कळतं अशातला भाग नाही. वर्षाकाठी चार-पाच ग्लास, तेही भाच्याने आग्रह केला तर. पण रंग, वास, गढूळपणा, सामू (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) यांवरच माझं पोट चाललं, त्यामुळे बाटलीत काहीही दिसलं की हात शिवशिवतात.

आमचे हे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. 2000 साली सुला या नाशिकच्या वाइन कंपनीची पहिली वाइन बाजारात आली, 2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आलं आणि मग दिंडोरीपासून विंचूरपर्यंत वायनऱ्या उभ्या राहायला लागल्या. वायनरी म्हटलं की थंड ठेवायच्या टाक्या आल्या, टाक्यांना कॉम्प्रेसर आले, पॅनेल बोर्ड आले. ह्यांना कामं मिळाली आणि दिवाळीला काजूकतलीऐवजी खोकी यायला लागली. 2011 च्या दिवाळीतलं एक खोकं सहा बाटल्यांचं होतं. लाल, कॅबर्ने-शिराझ, लेबलवर साल 2010. तीन वाटून टाकल्या. एक ह्यांनी फ्लॅटवर आणली आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर उभी करून ठेवली. दोन वाड्यातच राहिल्या, कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपांमागे आडव्या. आडव्या ठेवण्यामागे काही शास्त्र नव्हतं. उभ्या ठेवल्या असत्या तर सासूबाईंना दिसल्या असत्या, एवढंच. एकदा दिसल्याच, तर ह्यांनी फिनेल म्हणून सांगितलं. सासूबाईंनी पुढे त्यांना हात लावला नाही.

मुलीच्या साखरपुड्याला उघडू असं ठरलं होतं. साखरपुडा झाला, पण व्याही निघाले माळकरी. मग लग्नाला, मग बारशाला असं करत चौदा वर्षं गेली.

गेल्या डिसेंबरात वाडा बिल्डरकडे द्यायचा म्हणून कोठी उपसायला घेतली आणि त्याच आठवड्यात रंगकामासाठी फ्लॅटचा माळा रिकामा केला. दोन्हीकडच्या मिळून पाच जातींच्या सात बाटल्या निघाल्या. त्यांत ही जुळी भावंडं: एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेली, पण वेगवेगळ्या घरांत वाढलेली. मला प्रयोगशाळेत असा नमुना कधी मिळाला नव्हता. रविवार ठरवला. चाखायला मी, हे, नणंद, तिचा मुलगा आणि माझ्या चुलत सासूबाई, वय 81. भावजींना दमा आहे आणि वाइनमध्ये टिकण्यासाठी सल्फाइट घालतात. त्याने काही दमेकऱ्यांचा श्वास अडतो, म्हणून ते चिवडा घेऊन बाजूला बसले. भाचा गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये कामाला आहे, तेव्हा तोच सूत्रधार.

कंपन्यांची नावं मी लिहिणार नाही. जे बिघडलं ते आमच्या घरात बिघडलं.

ओपनर फिरवायच्या आधीच नणंदेने विचारलं, "वहिनी, विषबिष झालं नसेल ना? मालवणीत झालं होतं तसं?" 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते तिच्या डोक्यात होतं. तिला सांगितलं ते इथेही सांगते. ती माणसं मिथेनॉलने गेली आणि मिथेनॉल तिथे भेसळीतून आलं होतं. बंद बाटलीतल्या वाइनमध्ये वर्षं उलटली म्हणून मिथेनॉल वाढत बसत नाही. आणि जंतूंचं म्हणाल तर माझ्याकडे कामावरच्या सामूच्या पट्ट्या उरल्या होत्या, त्या प्रत्येक ग्लासात बुडवल्या. सगळ्यांचा रंग तीन आणि चारच्या मध्ये आला. डबाबंद अन्नातलं जे भयंकर विष, बोट्युलिनम, त्याचा जंतू सामू 4.6 च्या खाली वाढत नाही. त्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल. पाण्यात जे जंतू मी आयुष्यभर शोधले, त्यांना असल्या आंबट, झिंगलेल्या पाण्यात घर करता येत नाही. वाइनमध्ये तग धरतात ते व्हिनेगर करणारे जंतू. ते चव घालवतात, माणसाला आजारी पाडत नाहीत.

पहिली उघडली पांढरी, सोव्हिन्यों ब्लां, 2013 ची, फिरकीच्या झाकणाची, माळ्यावरची. ही वाइन पेल्यात जवळजवळ पाण्यासारखी, फिकट हिरवट दिसायला हवी. आमची कोऱ्या चहासारखी होती. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, त्यामागे खवट अक्रोड. भाचा म्हणाला, "मामी, शेरी झालीय हिची." स्पेनमध्ये शेरीच्या काही जाती मुद्दाम हवा लागू देऊन करतात, तिथे हा वास म्हणजे कौतुक. इथे तो म्हणजे हवेने अल्कोहोल खाल्ल्याची पावती. मी एक घोट घेतला, कारण घेतल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आंबटपणा होता, पण फळ कुठेच नव्हतं. सिंकमध्ये.

बाटलीच्या तळाशी मात्र खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे खडे होते. चुलत सासूबाई म्हणाल्या, "अगं, काच आहे ती, टाक." काच नव्हे. द्राक्षातल्याच आम्लाचे ते स्फटिक. केकवाले ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात ती हीच वस्तू, फक्त शुद्ध केलेली. खात्री हवी तर खडे कपात घेऊन वर उकळतं पाणी ओतायचं. विरघळले तर टार्टर, नाही विरघळले तर खरंच काच. आमचे विरघळले. चुलत सासूबाईंनी कपात वाकून दोनदा बघितलं, मग त्यांचा माझ्या नोकरीवर पहिल्यांदा विश्वास बसला असं वाटलं.

दुसरी फेसाळणारी, माळ्यावरचीच. तिच्यावर ह्यांचा फार जीव. ह्यांनी फोनवर बातमी वाचून दाखवली: 2010 साली फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ बाल्टिक समुद्रात पन्नास मीटर खोल बुडालेल्या जहाजात 168 बाटल्या शॅम्पेन सापडली. पावणेदोनशे वर्षांच्या आसपास जुनी, तरी चाखण्याजोगी. पहिला वास ओल्या केसांचा आणि चीजचा आला म्हणे, पण हवा लागल्यावर ती खुलली. पुढे तपासणीत लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर निघाली. आजच्या ब्रूट, म्हणजे जवळजवळ गोड नसलेल्या शॅम्पेनमध्ये जास्तीत जास्त बारा ग्रॅम असते. "बघ," हे म्हणाले, "पावणेदोनशे वर्षं! आपली तर बारा."

ती बाटली समुद्राच्या तळाशी, अंधारात, तीन-चार अंशांत पडून होती हेही बातमीत होतं, पण तेवढं वाक्य ह्यांनी गाळलं. तार सोडवली, अंगठ्याने बूच दाबलं. सगळ्यांनी कान झाकले. बूच आवाज न करता, रबरी चप्पल चिखलातून निघावी तसं हातात आलं. पेल्यात तीन-चार बुडबुडे उठले आणि विचार बदलल्यासारखे थांबले. चव अगदीच वाईट नव्हती, भाजलेला पाव, मध आणि शेवटी कडवट. अर्धी बाटली उरली, ती आठवडाभर फ्रीजमध्ये राहिली आणि मग तीही सिंकमध्ये. ह्यांनी स्वतः ओतली.

आता जुळी.

माळ्यावरच्या बाटलीचं बूच पितळी अंगठीएवढं वर आलेलं, प्लास्टिकचं टोपण आतून चिकट. वाइनची पातळी मानेतून उतरून खांद्यापर्यंत गेलेली. भाच्याने ती नुसती उजेडात धरली आणि खाली ठेवली. "मामी, ही शिजलीय." शिजलीय हा धंद्यातला शब्द आहे म्हणाला, आणि तो इतका नेमका आहे की मला दुसरा सुचत नाही. ग्लासात ओतल्यावर वास आला तो चिंचगुळाची आमटी तळाला लागल्यावर येतो तसा. मनुका, करपलेला मुरांबा आणि पाठोपाठ नेलपॉलिश काढायच्या पाण्याची नाकात जाणारी झिणझिणी. ती व्हिनेगरच्या वाटेवरची खूण. तोंडात घातली तर गोडसर वाटून एकदम आंबट आणि मग काही नाही.

असं का होतं ते समजायला मी या मे महिन्यात माळ्यावर थर्मामीटर ठेवला. दुपारी चारला 39 अंश. वाइन गरम झाली की फुगते आणि बुचाला वर ढकलते. रात्री थंड झाली की आकसते आणि बुचाच्या कडेने बाहेरची हवा आत ओढते. म्हणजे बाटली रोज एक श्वास घेते. चौदा उन्हाळे ती असे श्वास घेत होती. शिवाय उभी ठेवल्याने बूच सुकून आणखी आकसलेलं. तोच थर्मामीटर नंतर वाड्यातल्या कोठीत ठेवला, तर मे महिन्यातच 27. दीड हात मातीच्या भिंती, खिडकी नाही, उजेड पिंपांमागे पोचतच नाही. वाइनला हवं ते बारा-चौदा अंश, तेव्हा 27 म्हणजे काही तळघर नव्हे. पण कोठीत दिवस-रात्रीचा फरक जेमतेम अंशभर होता.

कोठीतली बाटली उघडताना बूच तुटलं. भाच्याने दोन पातळ पात्यांचा ओपनर आणला होता, पाती बुचाच्या दोन बाजूंनी सारायची आणि पिळत वर ओढायचं. साडेसहाशे रुपये, ऑनलाइन. बूच अर्धं आलं, अर्धं चुरा होऊन आत पडलं. ओपनरला मी दहापैकी पाच देते. सरळ मळसूत्राच्या ओपनरने कदाचित सगळंच आत गेलं असतं. मग धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळली, जशी आपण ताकाची निवळ गाळतो. फडक्यावर बुचाचे तुकडे आणि काळपट जांभळा गाळ राहिला. तो गाळ म्हणजे रंग आणि तुरटपणा एकमेकांना धरून तळाशी बसलेले. बाधत नाही, फक्त दातांत कचकचतो. नणंदेने लग्नातलं जड कटग्लासचं भांडं काढलं होतं, ओतायला छान म्हणून. कटग्लासात बहुधा शिसं असतं. तासाभरासाठी चालतं, पण आंबट पेय त्यात दिवसेंदिवस साठवून ठेवायचं नाही, कारण शिसं हळूहळू उतरतं. मी तिला तेवढं सांगितलं, भांडं वापरलं आणि त्याच रात्री धुऊन ठेवलं.

पहिला वास कुबट आला. सगळ्यांचे चेहरे पडले. भाचा म्हणाला, थांबा. एक बुचाचा रोग असतो, त्यात ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि तो हवेत ठेवल्याने जात नाही, वाढतोच. हा वास वीस मिनिटांत गेला. मग जे आलं ते मला अजून आठवतं: वाळलेलं अंजीर, अडकित्त्याने नुकतीच कातरलेली सुपारी, आणि माझ्या वडिलांच्या चामडी पाकिटाच्या आतल्या बाजूचा वास. रंग कडेला विटकरी, मधे अजून लाल. जिभेवर तुरटपणा उरलाय म्हणेपर्यंत मऊ होऊन गेला, आणि मागे आमसुलासारखा आंबट धागा राहिला. पाचही जण गप्प बसले होते. ह्यांनी हळूच दुसरा ग्लास भरून घेतला.

तासाभरात तिचं तेज उतरलं, दीड तासाला ती नुसती आंबट-तुरट उरली. जुनी वाइन उघडल्यावर फार वेळ थांबत नाही. तासभर हवेवर ठेवून मग पाहुण्यांना द्यायची असं जे जोरकस तरण्या लाल वाइनचं करतात, ते हिला करू नये. गाळा आणि लगेच बसा. दहापैकी आठ. दोन गुण कुबट वीस मिनिटांचे आणि तुटक्या बुचाचे कापले.

पण भाच्याने एक गोष्ट वारंवार सांगितली आणि ती महत्त्वाची आहे. ही बाटली टिकली यात कौतुक आहे, पण ती चार-पाच वर्षांची असताना बहुधा याहून छान लागली असती. नाशिकच्या बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायला म्हणून करतात. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी, जानेवारी ते मार्च काढणी, आणि पांढऱ्या तर त्याच वर्षी दुकानात येतात. मुरवायला म्हणून करतात त्या थोड्या, ओकच्या पिंपात ठेवलेल्या लाल. जगातसुद्धा तेच. दशकांनी प्यायची वाइन एकूण वाइनमध्ये मूठभर.

आपल्याला वाटतं जुनी म्हणजे भारी, याचं मूळ मला तरी वैद्याच्या बाटलीत दिसतं. आसव-अरिष्ट जितकं जुनं तितकं गुणकारी असं आयुर्वेदात मानतात, आणि द्राक्षासव प्रत्येक घरात असायचंच. त्यात व्हिस्कीवर बारा वर्षं, अठरा वर्षं असं छापलेलं असतं. ती वर्षं पिंपातली, बाटलीतली नव्हेत. बाटलीत व्हिस्की जशीच्या तशी बसून राहते, वाइन मात्र आत बदलत राहते. हे माहीत असूनही गेल्या महिन्यात एका दुकानदाराने मला 2014 ची पांढरी वाइन "व्हिंटेज आहे ताई" म्हणून दीडपट भावाने विकायला काढली. ती पश्चिमेच्या उन्हात, शोकेसमध्ये उभी होती. मी रंग बघितला आणि खाली ठेवली. पारदर्शक बाटलीतली पांढरी कोऱ्या चहासारखी दिसत असेल तर घ्यायची नाही. त्यासाठी उघडावीही लागत नाही.

पाचवी गोव्याची गोड पोर्ट, 1998 च्या सहलीत पणजीहून आणलेली, पत्र्याच्या झाकणाची. नाव पोर्ट असलं तरी पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टशी तिचं नातं नावापुरतंच. खऱ्या पोर्टमध्ये आंबवण अर्ध्यावर थांबवायला द्राक्षाचं मद्य ओततात, अल्कोहोल वीस टक्क्यांच्या घरात जातं, म्हणून ती दशकं टिकते. आमचीही साखरेच्या जोरावर तगली होती. चव काकवी, खजूर आणि खोकल्याच्या औषधाच्या मधली. मी एका घोटात थांबले. चुलत सासूबाईंनी मात्र बर्फाचे दोन खडे मागून घेतले, वाटीत घेतली आणि म्हणाल्या, "ही खरी वाइन. बाकीचं तुमचं आंबलेलं पाणी." बाटली त्यांनी घरी नेली. पंधरा दिवसांनी फोन करून संपली म्हणून कळवलं, तेव्हा रिव्ह्यूत तिचे गुण त्यांनीच द्यावेत: दहापैकी दहा.

सहावी वसईच्या मैत्रिणीने नाताळात दिलेली घरगुती जांभळाची. झाकण उघडताच फसकन फेस आला, वर पांढरट पापुद्रा. घरगुतीत साखर उरली की बाटलीतच पुन्हा आंबायला लागतं, दाब वाढतो, बाटली फुटूही शकते. म्हणून माळ्यावर चुकून सुद्धा ठेवू नका, आणि उघडताना तोंड लांब ठेवा. वर मी जे जंतूंचं निर्धास्त लिहिलंय ते कारखान्यात मोजूनमापून भरलेल्या बाटलीबद्दल. या सहावीत किती अल्कोहोल होतं ते मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. सामू ठीक आला, तरी आम्ही चाखून थुंकली.

माळ्यावरची शिजलेली लाल मी टाकली नाही. अर्धं पाणी घालून काचेच्या बरणीत ओतली, तोंडाला मलमल बांधली आणि ओट्याखाली ठेवली. बरेच दिवस काही नाही. उन्हाळा लागल्यावर वर सायीसारखा पडदा धरला. आता काकडीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी तेच घालते. हे दर वेळी विचारतात, यात माझी बाटली आहे का.

कोठीतलं दुसरं भावंड, म्हणजे सातवी बाटली, अजून बंद आहे. वाडा पावसाळ्यानंतर पडणार, तेव्हा कोठी नाही. भाचा म्हणाला वायनरीच्या थंड खोलीत ठेवतो, तर ह्यांचं उत्तर, "एकदा दिली की परत येत नाही." सध्या ती फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी आडवी आहे. फ्रीज कोरडा आणि थरथरणारा, फार महिने तिथे ठेवायची नाही हे मला माहीत आहे. मुलगी दिवाळीत येतेय. व्याही बरोबर येणार आहेत का, ते मी तिला आधीच विचारून ठेवलंय.